परक्या पावलांचे अकरा दिवस

जयपाल मगदुमांच्या डाव्या टाचेत बाभळीचा काटा गेला तेव्हा मगदूम सांगलीत निवृत्त भूमापकांच्या मेळाव्यात भाषण करत होते आणि त्यांची बायको शैलजाबाई मिरजेत घेवडा निवडत बसल्या होत्या. ओरडल्या त्या शैलजाबाई. शेजारच्या चौगुलेवहिनी धावत आल्या तोवर त्यांनी नवऱ्याला फोन लावला होता. मगदुमांनी तो उचलला पाऊण तासानं, भाषण संपवून आणि आभारप्रदर्शन ऐकून. काटा चपलेच्या तळातून आरपार वर आला होता. तो उपटून त्यांनी भोवतीच्या मंडळींना दाखवला. "बघा, मला पत्ताच नाही. आमच्यात ते खातं हिच्याकडं असतंय."

मंडळी कौतुकानं हसली. मिरजेत शैलजाबाई डावा हात नळाखाली धरून उभ्या होत्या. पाण्याचा उपयोग नव्हता, पण माणूस काहीतरी करतो.

हे खातं त्यांच्याकडे कसं आलं ते सांगायला हवं. आपल्या शरीरातल्या सगळ्यांत लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. त्यांना पोसणाऱ्या रक्तवाहिन्या केसापेक्षाही बारीक असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की या वाहिन्या आतून जाड होत जातात, आणि उपाशी नस शेंड्याकडून वाळायला लागते. म्हणून बधिरपणा आधी बोटांना येतो, मग तळव्याला, मग मोजा चढवावा तसा वर सरकतो. सुरुवातीला मुंग्या येतात, आग होते. मग एक दिवस सगळं शांत होतं आणि रुग्णाला वाटतं, बरं झालं एकदाचं. खरं तर पायाचा राखणदार गेलेला असतो. आता खडा रुतला, फोड आला, तो फुटला, तरी वर कळवायला कोणी नाही. साखरेच्या रक्तात जखम भरत नाही, जंतू मात्र झकास वाढतात. बातमी मेंदूपर्यंत पोचते ती बहुधा वासाच्या मार्गानं, आणि तोवर सर्जन हात धुवून तयार असतो.

यावर बेंगळुरूच्या एका कंपनीनं 'जाणीव' काढली. चपलेच्या तळाला एक पातळ पापुद्रा, त्यात दाब, घर्षण, उष्णता आणि ओल मोजणारे दोनशे चाळीस बिंदू. मोजलेलं सगळं मोबाइलच्या जाळ्यातून दोन पट्ट्यांकडे जातं. डाव्या पायाचा पट्टा डाव्या हाताला, उजव्याचा उजव्या. कोपरापासून मनगटापर्यंत हे पट्टे बांधायचे. टाच मनगटाशी, बोटं कोपराशी. पाय दाबला गेला की पट्टा दाबतो, तापला की तापतो, खरचटला की चावतो. दोनेक महिन्यांत मेंदू ही नवी भाषा शिकतो आणि हात हाच पाय वाटायला लागतो.

मूळ बेत असा की पट्टे रुग्णानंच बांधावेत. चाचण्यांत पुरुष रुग्णांनी ते आठवडाभरात काढून ठेवले. सारखी कटकट होते म्हणाले. एकानं मात्र कॅरम खेळताना अडचण होते म्हणून पट्टे बायकोच्या हातांना बांधले आणि विसरून गेला. वर्षअखेर सगळ्या गटात फक्त त्याच्या पायांना एकही जखम नव्हती. संशोधक प्रामाणिक होते. त्यांनी हा निष्कर्ष दडवला नाही, विकायला काढला. 'सहचर' नावाचं नवं मॉडेल आलं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'सप्तपदीनंतरचं आठवं पाऊल.' पट्ट्यामुळं बांगड्या मागं सरकतात अशी काही सासवांची तक्रार आली, तेव्हा कंपनीनं तो हिरव्या चुड्याच्या रंगातही काढला. कंपनीच्याच आकड्यांनुसार शंभर पट्टेधारकांत त्र्याण्णव बायका होत्या. उरलेल्या सातांत पाच पगारी नोकर.

शैलजाबाईंनी पट्टे बांधले त्याला नऊ वर्षं झाली होती. मगदूम भूमी अभिलेख कार्यालयातले भूकरमापक. दोन तालुक्यांची शेतं त्यांनी पायांनी तुडवून मोजली आणि निवृत्त होता होता त्याच पायांची हद्द हरवून बसले. फिरायची सवय सुटली नाही. ते घराबाहेर पडले की शैलजाबाईंच्या हातांवर मिरज उमटायला लागायची. स्टेशनरोडची खडी, मार्केटचा चिकट उतार. तीन पायऱ्या चढून मग उजव्या पायावर जास्त भार पडला की समजायचं, स्वारी मिठाईवाल्याच्या काउंटरला रेलून उभी आहे.

"आज बासुंदी होती वाटतं," त्या दार उघडताना म्हणायच्या.

"साखर माझी, पाय माझे. तुला काय त्रास?"

शैलजाबाई आपल्या हातांकडे बघायच्या. मगदूम वर्तमानपत्राकडे बघायचे.

त्यांना दुष्ट म्हणता यायचं नाही. बायकोबद्दल ते चारचौघांत फार चांगलं बोलत. फक्त चपलेत खडा गेल्याचा फोन आला की हातातलं बोलणं संपवून मगच ते खडा काढत, कारण खडा त्यांना टोचत नव्हता. आणि बोलणं मोठं असे. जमिनीच्या वादांवर माणूस थोडक्यात बोलू शकत नाही.

एकदा शैलजाबाईंनी विचारून पाहिलं होतं. बहिणीकडे कुंभोजला जाऊन एक दिवस नुसतं झोपून यावं असं त्यांच्या मनात होतं. तेवढा दिवस पट्टे काढले तर? मगदूम म्हणाले, डॉक्टरांना विचार. डॉक्टर लिमये म्हणाल्या, एका दिवसातसुद्धा पाय जाऊ शकतो. हे वैद्यकीयदृष्ट्या खरं होतं, आणि तेव्हापासून मगदूम ते आरतीसारखं म्हणू लागले. हैदराबादेतली मुलगी प्रणिता फोनवर म्हणाली, आई, थोडं सोस, बाबांच्या पायाचा प्रश्न आहे. शैलजाबाई कुंभोजला गेल्या, पट्ट्यांसकट. त्या दिवशी मगदुमांनी दंडोबाचा डोंगर चढायचं ठरवलं होतं.

आता लग्नाकडे येऊ. जयसिंगपूरच्या मंगल कार्यालयात मगदुमांच्या पुतणीचं लग्न होतं. दारात दीड हजार चपलांचा ढीग. पापुद्रा बनवणाऱ्यांनी घाम, पाऊस आणि चिखल यांचा विचार केला होता. चपला बाहेर काढून ठेवायच्या आणि परत येताना ज्या असतील त्यांत पाय घालायचे, या प्रथेचा विचार त्यांच्या अहवालात कुठंही नव्हता, आणि अहवाल लिहिणारे रोज संध्याकाळी आपापल्या घरी दारात चपला काढत होते.

निघताना मगदूम एका पाहुण्याला बांधावरून झालेला खटला समजावत होते. समजावत समजावत त्यांनी तपकिरी चपलांच्या एका जोडात पाय सरकवले. बंद तसेच, बक्कल तसंच, नंबर मात्र आठ. त्यांचा नऊ. कुठल्याही धडधाकट माणसाला पहिल्याच पावलाला कळलं असतं. मगदूम ऐटीत चालत गाडीपर्यंत आले.

गाडी भाड्याची होती, आपली आपण चालणारी. मगदूम मागच्या सीटवर पाय पसरून मठ्ठ्याला आलं कसं जास्त झालं होतं ते सांगत होते. त्यांची पावलं शैलजाबाईंच्या डोळ्यांसमोर होती, स्वस्थ, हलत नव्हती. आणि शैलजाबाईंच्या हातांवरून कोणीतरी चालत चाललं होतं.

हलकी, सरळ चाल. टाच टेकायची, भार पुढं सरकायचा, अंगठा जमीन मागं ढकलायचा. नऊ वर्षं त्यांनी जे पाऊल सोसलं होतं ते जमिनीवर धोंडा आपटावा तसं पडायचं, कारण जमीन कुठं आहे हे त्याला ठाऊक नसायचं. हे पाऊल जमिनीशी बोलत होतं.

सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मगदूम म्हणाले, "थांब जरा, मला पूर्ण करू दे," आणि बासुंदीकडे वळले. त्या थांबल्या. अंकलीचा पूल गेला, मिरज आलं. घरी गेल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. घरी गेल्यावर चहा झाल्यावर सांगू, असं ठरवलं. चपलांच्या स्टँडपाशी वाकून त्यांनी नंबर वाचला. आठ. खात्री झाली. चहाही झाला.

चारच्या सुमारास हातांवर एक नवीनच गोष्ट सुरू झाली. चवड्यांचा हलका रेटा, मग काही नाही. पुन्हा रेटा, पुन्हा काही नाही. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की तो जो कोणी आहे तो झोपाळ्यावर बसलाय. शैलजाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर संदेश आला. 'चालीत बदल आढळला आहे. वापरकर्ता तोच आहे का?' खाली दोन चौकोन, होय आणि नाही. शैलजाबाईंनी चष्मा लावून संदेश दोनदा वाचला आणि 'होय' दाबलं. आजच्यापुरतं, असं त्या मनात म्हणाल्या. संदेश रोज सकाळी साडेसातला येत राहिला.

त्या आठवड्यात त्यांना बरंच काही कळलं. तो माणूस पहाटे फिरायला जायचा, रोज चारला झोपाळ्यावर बसायचा. दहा वाजता चपला काढून कुठंतरी जायचा आणि दोन तास हातांवर काही म्हणजे काहीच नसायचं. जिने चढताना तो दोन-दोन पायऱ्या घ्यायचा. आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या डाव्या चपलेत खडा गेला. शैलजाबाईंनी सवयीनं फोनकडे हात नेला. फोन हातात येण्याआधी खडा निघालेला होता. दोन पावलं चालून तो माणूस थांबला होता, वाकला होता, त्यानं खडा काढून टाकला होता. स्वतःहून. शैलजाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडू आलं. कांदा चिरायला घेतलेला होता, त्यामुळं कोणाला काही सांगावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी मात्र त्या घाबरल्या. मगदूम बाहेरून आले तसं त्यांनी म्हटलं, "पाय दाखवा बघू."

"कशाला?"

"बघते. पूर्वी बघायची ना रोज, आरसा धरून."

"पूर्वी पट्टा नव्हता." मगदूम खुर्चीत बसले, पाय खाली घेऊन. "पट्टा काय म्हणतोय?"

शैलजाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बोलायचं ते इथंच बोलायचं होतं, हे त्यांनाही समजत होतं.

"काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर."

आणि त्यांनी टीव्ही लावला. शैलजाबाई जागेवरून हलल्या नाहीत. वाकून पाहायला किती वेळ लागतो? गुडघे टेकायचे, पाय हातात घ्यायचा, करंगळीच्या कडेला बघायचं. मिनिटभराचं काम. पण पाहिलं असतं तर सांगावं लागलं असतं, सांगितलं असतं तर चपला शोधाव्या लागल्या असत्या, आणि चपला परत आल्या असत्या. घड्याळात चार वाजत आले होते. त्या स्वयंपाकघरात गेल्या.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी फरशी पुसली. पांढरी फरशी अजून ओली होती तोच मगदूम आंघोळ करून तिच्यावरून गेले. "ओल्यातनं कोण गेलं?" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघूनही गेलं, आणि मग त्यांनी खाली पाहिलं. उजवं पाऊल पाण्याचं होतं. डावं पाऊलही पाण्याचंच, फक्त करंगळीच्या बाजूला रुपयाएवढा पिवळट तपकिरी डाग. देवघरापर्यंत असे सहा डाग होते. वास त्यानंतर आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "बसा. आता पाय दाखवाच."

करंगळी काळी पडली होती. मगदुमांनी तिच्याकडे दुसऱ्याच कोणाची असावी तसं पाहिलं. "अरेच्चा," ते म्हणाले. "दुखत तर काही नाही."

डॉक्टर लिमयेंनी जखमेत सळई घातली, ती हाडाला टेकली. पोटरीखालच्या रक्तवाहिन्या आधीच अर्ध्या बुजलेल्या होत्या, त्यामुळं औषध जखमेपर्यंत पोचत नव्हतं. पहिल्यांदा करंगळी काढली. चार दिवसांनी पुढचं अर्धं पाऊल. त्यानंतरच्या सोमवारी गुडघ्याखालून पाय.

प्रणिता हैदराबादहून आली. नातेवाईक आले, निवृत्त भूमापक आले. मगदूम उशीला टेकून प्रत्येकाला सांगत होते की यंत्र फसवं निघालं. "हिची काही चूक नाही बरं का. हिनं नऊ वर्षं हात जाळून घेतले. हिला कळलं असतं तर ही गप्प बसली असती का?" पाहुणे शैलजाबाईंकडे आदरानं बघत आणि त्या सफरचंद कापत. त्यांना तीनदा वाटलं की सांगून टाकावं. तिन्ही वेळा कोणीतरी नवीन पाहुणा आला आणि मगदुमांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

कंपनीचा माणूस चौथ्या आठवड्यात आला. इरफान मुजावर, तिशीतला, पाठीला बॅग. मगदुमांशी बोलून झाल्यावर तो म्हणाला, काकू, जरा कँटीनमध्ये चहा घेऊ. टेबलावर त्यानं आपला टॅब उलटा ठेवला, तेव्हाच शैलजाबाईंना कळलं की त्याला सगळं माहीत आहे.

"अकरा वेळा 'होय' दाबलंय, काकू."

"हो."

"चुकून एकदा होतं. दोनदा होतं."

"चुकून नाही," शैलजाबाई म्हणाल्या. महिनाभरात त्यांनी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते मुजावरला ऐकवावं लागलं याचं त्यांना वाईट वाटलं. "पोलिसांना देणार का?"

मुजावरनं चहात बिस्किट बुडवलं. मग सांगितलं की त्याच्याकडे तीन जिल्हे आहेत आणि महिन्याला अशा चार-पाच फायली येतात. कोणाची चप्पल देवळात बदलते, कोणाची लग्नात. एकीनं तर नवऱ्याची जोडी स्वतःच बोहारणीला देऊन टाकली होती. सगळ्या 'होय' दाबतात. ही गोष्ट वर कळवली तर कंपनीला उत्पादन मागं घ्यावं लागेल, म्हणून वरच्यांनीच एक ठरलेला मजकूर करून दिलाय. 'पादत्राण अदलाबदल, वापरकर्त्याची अनवधानता.' वापरकर्ता म्हणजे रुग्ण.

"म्हणजे चूक त्यांची?"

"कागदावर. चप्पल त्यांनीच घातली की नाही?"

शैलजाबाईंनी जरा विचार केला. तेही खोटं नव्हतं.

चपला सापडल्या होत्या. ज्याच्याकडे होत्या त्याला म्हणे दहाव्या पावलालाच कळलं होतं की सैल होतायत. परत गेला तोवर त्याची जोडी नव्हती, मग तो याच वापरत राहिला. मुजावरनं बॅगेतून प्लॅस्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. तो कोण, कुठला, दहा वाजता कुठं जायचा, झोपाळा कोणाच्या घरचा, एवढं सगळं विचारायचं शैलजाबाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी पिशवी उचलली आणि उजव्या पायाची चप्पल तेवढी ठेवून घेतली.

मगदूम घरी आले. डाव्या हाताचा पट्टा निघाला. तिथली नऊ वर्षांची कातडी मुळ्यासारखी पांढरी पडली होती. उजव्या हाताचा पट्टा अर्थातच चालू राहिला. डॉक्टर लिमयेंनी बजावलं होतं की आता सगळा भार त्या एका पायावर, त्याला डोळ्यांत तेल घालून जपा. शैलजाबाई रोज सकाळी आरसा धरून तो पाय बघू लागल्या. एकही दिवस चुकवला नाही.

मग एका दुपारी मगदूम ओरडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते स्वतः ओरडले. डावा पाय जळत होता, नसलेला. डॉक्टरांनी याची कल्पना दिली होती. पाय जातो, पण मेंदूतला त्याचा नकाशा जात नाही. खालून काहीच बातमी येईनाशी झाली की मेंदू तिथं स्वतःच आग पेटवतो. भूमापकाला खरं तर हे चटकन कळायला हवं होतं, जमीन गेली तरी सातबारा राहतो. पण मगदूम चादरीखालच्या सपाट जागेकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

"अगं, अंगठा बघ माझा. निखाऱ्यावर धरल्यासारखा झालाय. दाब जरा. दाब की."

शैलजाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी चादर नीट केली.

"फार दुखतंय गं. तुला काहीच लागत नाही?"

शैलजाबाईंनी डावा हात उलटासुलटा करून पाहिला. त्याच्यावर काही नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुखत नाहीये तो. दुखला असता तर मला कळलं असतं."

मगदुमांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असतो हे त्यांनीच गावभर सांगितलेलं होतं. त्यांनी मान हलवली, उशीचा कोपरा दातांत धरला आणि दुखत नसल्यासारखे पडून राहिले.